कोकणातले गावदेऊळ आणि पर्यटन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेशाने वास्तुविशारद आहे. गेली बरीच वर्षे सिंधुदुर्ग आणि दक्षिण रत्नागिरीतल्या गावदेवळांची मोजमापे काढत फिरतो. टेप धरायला गावातली पोरे येतात आणि प्रश्न विचारायला मोठी माणसे. मुंबईच्या मंडळांतून फोनही येतात. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरे एकदा लिहून ठेवतो. काही उत्तरे चिडून दिलेली आहेत, ती तशीच राहू दिली आहेत.

देऊळ म्हणजे देवाचे घर. तुम्ही त्याला गावाची इमारत का म्हणता?

देवाला लागणारी जागा फार थोडी असते म्हणून. आपल्याकडच्या बहुतेक गावदेवळांचा गाभारा म्हणजे एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढी खोली. बाकीचा सगळा पसारा, म्हणजे सभामंडप, पडवी, पार, दीपमाळ आणि पुढचे अंगण, माणसांसाठी आहे.

सभामंडपात काय काय होते ते आठवून बघा. कौल घेतला जातो, म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचा होकार की नकार ते बघितले जाते. गाऱ्हाणे घातले जाते. गावऱ्हाटीचे, म्हणजे गावच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेचे, मानकरी बसतात आणि पालखी कोणत्या वाडीत कधी जायची ते ठरते. बांधाचे, पाण्याचे, भावकीचे भांडण देवासमोर मिटवले जाते, निदान तसा प्रयत्न होतो. जत्रेच्या रात्री तोच मंडप किंवा त्याच्यासमोरचे अंगण दशावताराचे, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचे, थिएटर होते. कितीतरी गावांची पहिली शाळा देवळाच्या पडवीत भरली. उशीर झालेला वाटसरू तिथेच आडवा व्हायचा.

आता मंडपाच्या कडेने असलेली ती गुडघ्याएवढी भिंत बघा. शिल्पशास्त्रात तिला कक्षासन म्हणतात, आम्ही कट्टा म्हणतो. त्यावर बसले की पाठ बाहेर आणि तोंड समोरच्या कट्ट्यावरच्या माणसाकडे असते. देव बाजूला राहतो आणि ऐकतो. ही रचना दर्शनासाठी केलेली नाही, ती बोलण्यासाठी आहे. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी इथेच परत परत येणार आहे, त्यामुळे एवढे लक्षात ठेवलेत तरी पुरे.

जुने कोकणी देऊळ बांधतात तरी कशाने?

जांभ्याने. खाणीतून काढताना हा दगड ओलसर आणि मऊ असतो, हत्याराने सरळ तासता येतो. वारा-ऊन लागले की घट्ट होत जातो. चिरे रचायचे आणि वर चुन्याचा गिलावा. चुना श्वास घेतो असे जुने गवंडी म्हणायचे, ते शब्दशः खरे आहे. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल हिवाळ्यात त्यातून बाहेर पडते.

मंडपाचे खांब लाकडाचे: फणस, साग, किंजळ, ऐन. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर उभे करतात, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब राहतात. वर तुळया, आढे, वासे, कोनवासे, रिपा आणि त्यावर कौले. उतार तीव्र असतो आणि वळचण भिंतीच्या बरीच बाहेर आलेली, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचा असतो. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारीही मंडपात बसवते.

सुताराने जीव ओतला असेल तर तो तुळयांच्या टोकांवर आणि छताच्या पट्ट्यांवर दिसतो. कशेळीच्या कनकादित्याच्या देवळात मान वर करून बघा. गोव्यात आणि आपल्या दक्षिण भागात काही देवळांत कावीही दिसते. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन, तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून काढलेली ही चित्रे. एका ऑइलपेंटच्या डब्याने ती कायमची जातात.

या सगळ्याला दरवर्षी हात लागतो. पावसाच्या आधी कौले उतरवून, फुटकी बदलून शाकारणी करावी लागते. ज्या गावात शाकारणीला माणसे जमत नाहीत, तिथले देऊळ पर्यटक यायच्या आधीच निम्मे गेलेले असते. हे कटू आहे, पण मी पाहिलेले आहे.

कौले तरी कुठे फार जुनी आहेत? ती पण बाहेरूनच आली ना?

बरोबर. सपाट मंगलोरी कौल हे बासल मिशन या युरोपीय मिशनऱ्यांच्या संस्थेच्या कारखान्याचे अपत्य, १८६५ नंतरचे. त्याआधी नळीची कौले होती आणि त्याच्याही आधी गवताचे, झावळांचे छप्पर. गोव्यात तर अठराव्या शतकातल्या देवळांनी घुमट आणि कमानी चर्चच्या बांधणीतून उचलल्या आणि त्या इतक्या पचवल्या की आज कवळ्याची शांतादुर्गा किंवा मंगेशी त्यांच्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. तेव्हा बदल झाला म्हणून मी गळा काढत नाही. मी एवढेच बघतो की बदलानंतर माणसे तिथे बसतात की नाही.

पर्यटन नेमके आले कधी?

कागदावर १९९७ साली, सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा. रुळांवरून १९९८ साली, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा. गणपतीपुळ्यासारखी ठिकाणे त्याआधीच नावारूपाला आली होती. नंतर तारकर्लीचे डायव्हिंग आले, एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) न्याहरी व निवास योजनेतून घरोघरी खोल्या झाल्या आणि सकाळी समुद्र, दुपारी मासे, संध्याकाळी देऊळ असा एक ठराविक दिवस तयार झाला. देवळाच्या वाट्याला त्यातली वीस-पंचवीस मिनिटे येतात.

पण सगळे पाप बाहेरच्यांच्या माथी मारू नका. मुंबईचा चाकरमानी वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, गावी येतो. तोही अर्धा पर्यटकच. गावचे देऊळ त्याला अभिमानाने मित्रांना दाखवायचे असते आणि दाखवायच्या वस्तूबद्दल त्याच्या कल्पना दादर-बोरिवलीत तयार झालेल्या असतात. जीर्णोद्धाराची निम्मी वर्गणी त्याच्याकडून येते. मी स्वतः चाकरमान्याचा मुलगा आहे, म्हणून हे लिहायची सोय आहे.

पर्यटक यायला लागले की इमारतीत आधी काय बदलते?

छप्पर सगळ्यात शेवटी बदलते. सुरुवात अंगणापासून होते आणि क्रम जवळपास ठरलेला आहे.

पहिल्यांदा गाड्या लावायला जागा हवी म्हणून देवराईच्या कडेची चार झाडे जातात. मग शेणाने सारवलेले किंवा नुसते चोपलेले अंगण जाऊन पेव्हर ब्लॉक येतात, कारण पाहुण्यांच्या पायाला चिखल लागू नये. पाणी मुरायचे बंद होते आणि ते भिंतीच्या पायाशी जमते. दोन पावसाळ्यांत जांभा खालून काळा पडतो आणि मग कुणीतरी म्हणते, भिंत जुनी झाली, आता पाडायलाच हवी.

अंगणाबद्दल आणखी एक. ती काही मोकळी पडलेली जमीन नसते. सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेत नवस फेडणारी माणसे देवळाभोवती लोटांगणे घालतात. पालखी नाचते, तरंग (वस्त्रे नेसवलेले देवांचे खांब) फिरतात, अवसार येतो म्हणजे माणसाच्या अंगात देव येतो, हे सगळे अंगणात. अंगणाचा पोत हा देवळाचा भाग आहे, पण नकाशावर त्या जागी 'मोकळी जागा' असे लिहितात आणि मोकळी म्हटली की भरायची घाई होते.

मग दीपमाळेशेजारी पत्र्याची शेड येते. मग स्टीलचे रेलिंग. चप्पल स्टँडही येतो. (आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. त्या देवाला हा स्टँड बघून काय वाटत असेल, हा विचार मला नेहमी हसवतो.) रेलिंग आले की मंडपातून जायची एक वाट ठरते, आत इकडून, बाहेर तिकडून. वाट ठरली की कट्टा अडचणीचा होतो, कारण कट्ट्यावर बसलेले म्हातारे रांगेत येतात. कट्ट्यावर कुंड्या ठेवल्या जातात किंवा तो सरळ काढून टाकला जातो.

माझ्या मते देऊळ या दिवशी बदलते. पुढचे स्लॅब, शिखर वगैरे फक्त त्याची पावती.

सभामंडपाला स्लॅब घातला तर बिघडते काय? गळायचे तर थांबते.

काही वर्षे थांबते. समुद्रावरून येणारी खारट हवा सिमेंटच्या भेगांतून सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि खालचे प्लास्टर पोपडे होऊन पडते. लाकडी वासा कुजला तर तेवढाच बदलता येतो. स्लॅबचा एक कोपरा बदलता येत नाही. शिवाय दुपारी तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडत राहतो, म्हणून पंखे आले, पंख्यांसाठी वायरी आल्या.

पण मला जास्त सलतो तो आवाज. दशावतारी नटाकडे लिहिलेली संहिता नसते, तो संवाद उभ्या उभ्या बोलतो. सामान म्हणजे एक लाकडी बाकडे, एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. लाकूड, कौले आणि उघड्या बाजू यांत आवाज विरतो, म्हणून शब्द स्पष्ट लागतो. ग्रॅनाइटची फरशी, टाइल्स लावलेल्या भिंती आणि वर स्लॅब असला की प्रत्येक वाक्यामागे त्याचेच भूत येते. मग माइक लावतात, आणखी घुमते, म्हणून आणखी मोठा माइक लावतात. एकदा एका नव्या मंडपात नाटक ऐकत बसलो होतो. राजा प्रधानावर रागावला होता एवढेच कळले, का रागावला ते शेवटपर्यंत समजले नाही. शेजारच्या आजोबांनी मला विचारले, "तुका काय समाजला?" त्यांनाही नव्हते समजले.

नवे शिखर इतके उंच का असते?

रस्त्यावरून दिसायला हवे म्हणून. जुने कोकणी देऊळ माडा-पोफळींच्या खाली बसलेले असायचे, जवळ गेल्याशिवाय दिसायचे नाही. गावातल्याला ते कुठे आहे हे ठाऊकच होते. गाडीतून जाणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे शिखर आणि स्वागत कमान ही खरे तर पाटी आहे, फक्त सिमेंटमध्ये लिहिलेली. कारागीर बाहेरून येतात, सोबत साचे आणतात आणि त्या साच्यांतून निघणारी शिखरे दोन जिल्हे ओलांडले तरी सारखीच दिसतात.

सरकारी निधी मिळतो तो देवळाच्या भल्यासाठीच ना?

हेतूवर माझा संशय नाही. यंत्रणा कशी चालते ते मात्र समजून घ्या. गावाने पाठपुरावा करून देवस्थानाला तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळवायचा. क वर्ग जिल्हा पातळीवर मिळतो, ब वर्गाला ग्रामविकास विभागाकडे जावे लागते. दर्जा मिळाला की सोयींसाठी पैसे येतात: रस्ता, वाहनतळ, स्वच्छतागृह, भक्तनिवास, सुशोभीकरण. यांतल्या पहिल्या चारांची गरज खरी असते. गोंधळ 'सुशोभीकरण' या शब्दापाशी सुरू होतो.

अंदाजपत्रक बनवणाऱ्या अभियंत्याला काँक्रीटचा घनमीटर आणि फरशीचा चौरस मीटर मोजायला सोपा जातो. तुळईच्या टोकाला काढलेला मोर कशात मोजायचा? चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो आणि निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे. सुतार गावात राहिलेला नाही, आरसीसीचा ठेकेदार फोनवर हजर आहे. कुणाचाही वाईट हेतू नसताना देऊळ काँक्रीटचे होते ते असे.

जुन्या लाकडाचे काय होते?

आमच्या गावाचे सांगतो, गावाचे नाव लिहीत नाही. जीर्णोद्धार ठरला तेव्हा मंडपाचे खांब, तुळया आणि नक्षीच्या पट्ट्या उतरवून अंगणात ठेवल्या होत्या. मी तेव्हा पुण्यात होतो. "बघून येतो" म्हणत दोन महिने काढले, हे माझेच. गेलो तेव्हा अंगण रिकामे होते. जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन आला होता आणि सरपणापेक्षा थोडा बरा भाव मिळाला म्हणून सगळे खूश होते.

चार-पाच वर्षांनी किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये एका कामासाठी गेलो. स्वागतकक्षात चार खांब उभे होते. एकाच्या कमळाची एक पाकळी तुटलेली. ती मी लहानपणी क्रिकेटची बॅट मारून तोडली होती आणि वडिलांचा मार खाल्ला होता. काउंटरवरच्या मुलीने मला कौतुकाने सांगितले की हे अस्सल कोकणी हेरिटेज आहे.

थोडक्यात, पर्यटकांना आवडेल म्हणून देवळातून काढलेले लाकूड पर्यटकांनाच आवडते म्हणून रिसॉर्टमध्ये गेले. देवळात आता ग्रॅनाइट आहे. पर्यटक ते बघायला वीस मिनिटेही थांबत नाही, कारण तसले ग्रॅनाइट त्याच्या सोसायटीच्या लिफ्टसमोर असते.

देवाने कौल दिला आहे. मग आम्ही कोण विरोध करणार?

कौलाचा मान ठेवूनच सांगतो. कौलात विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर मिळते. पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ लावून 'देवळाचा जीर्णोद्धार करायचा, तुझी मर्जी आहे काय?' असे विचारले तर उजवा, म्हणजे होकाराचा, कौल मिळायचाच. कोणत्या देवाला आपले घर दुरुस्त झालेले नको असेल? 'लाकडाचा मंडप मोडून स्लॅब घालू काय?' असा प्रश्न घातलेला मी तरी ऐकलेला नाही. आचऱ्याचे गाव रामेश्वराच्या कौलावर गुराढोरांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहते, गावपळण म्हणतात ती हीच. एवढा ज्याच्या शब्दाचा मान, त्याला प्रश्न तरी नीट विचारा. एका गावात जुन्या मानकऱ्याने सरळ म्हटले, "देवाक पुरा सांगा, मगे इचारा." त्या गावाचा मंडप अजून लाकडी आहे. तिथे कौल नक्की काय पडला ते मला कुणी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

असे देऊळ पाडायला कायद्याने अडवता येत नाही का?

बहुतेक वेळा नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८चा केंद्राचा कायदा आहे, राज्य संरक्षित स्मारकांना १९६०चा महाराष्ट्राचा. आपली गावदेवळे सहसा दोन्ही याद्यांत नसतात. देवस्थान न्यास म्हणून नोंदलेले असेल तर १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो आणि जमीन किंवा इमारत विकायची, बक्षीस द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पण मंडप मोडून नवा बांधणे म्हणजे विक्री नव्हे. तेव्हा कायद्यापेक्षा ग्रामसभा आणि देवस्थानची बैठक याच जागा खऱ्या. कोर्टात गेलेले गाव पुढची दहा वर्षे एकत्र पालखी उचलत नाही, हेही पाहिले आहे.

पर्यटनामुळे काही वाचलेही असेल की!

वाचले आहे. धामापूरचे तळे १५३०चे. भगवतीचे देऊळ त्याच्या काठावर. २०२०मध्ये त्या तळ्याला सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला आणि लोकांचे लक्ष तिकडे वळले. अशा लक्ष असलेल्या जागी रातोरात काही पाडणे अवघड जाते. वालावलचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ, शेजारचे तळे आणि माड, हे चित्र इतक्या कॅमेऱ्यांत गेले आहे की त्याचे रूप बदलायला निघालेल्याला आता आधी शेजाऱ्यांशी वाद घालावा लागेल. राजापूरच्या धूतपापेश्वराचा समावेश राज्य सरकारने जतनासाठी निवडलेल्या आठ प्राचीन मंदिरांत झाला.

दशावताराच्या कंपन्यांनाही गावाबाहेरचा प्रेक्षक मिळाला आणि रात्रीची बिदागी वाढली. पाहुणे 'हे छत किती सुंदर आहे' म्हणतात तेव्हा गावातल्या पोराला पहिल्यांदा वर बघावेसे वाटते. हा फायदा लहान नाही. मी टेप घेऊन मंडपात उभा असतो तेव्हा माझ्यामुळेही तेच होते, त्यामुळे त्या पाहुण्यांना नावे ठेवायचा मला फारसा हक्क नाही.

जुन्या मंडपात सगळ्यांना बसता येत होते का?

नाही. हा प्रश्न एका तरुणीने एका सभेत विचारला, तेव्हा सभा गप्प झाली होती. जुन्या मंडपात कुणी कोणत्या खांबापाशी बसायचे हे ठरलेले असे आणि कुणी अंगणातच उभे राहायचे, हेही ठरलेले असे. बायका मागे. मी कट्ट्याचे गोडवे गातो तेव्हा त्या कट्ट्यावर ज्यांना कधी बसू दिले नाही ते लोकही ऐकत असतात, हे मला विसरून चालणार नाही. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर बांधले, ते १९३१मध्ये खुले झाले. वेगळे देऊळ बांधावे लागले यातच जुन्या देवळांबद्दल काय ते आले.

रांग आणि रेलिंगने एक गोष्ट केली: रांगेत जात विचारत नाहीत. नव्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या असतात आणि खुर्चीला मान नसतो. त्या तरुणीने मला नंतर चहा पिताना सांगितले, "तुमचा लाकडी मंडप वाचवा, पण आधी आमका त्येच्यात बसवा." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही पूर्ण नाही.

दुसरीकडे कुठे हे नीट जमले आहे का?

जपानमधल्या शिराकावा-गो भागातल्या ओगिमाची गावाचे उदाहरण मी सांगतो. गवताच्या उंच उतरत्या छपरांची घरे, शाकारणी सगळ्या गावाने मिळून करायची. तिथल्या लोकांनी १९७१मध्ये आपसांत ठरवले: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. १९९५ला युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर पर्यटकांचे लोंढे आले आणि गावाला त्याचा त्रासही होतो. पण ठराव आधी झाला होता आणि गर्दी नंतर आली, हा क्रम महत्त्वाचा.

उलट बाजू इंडोनेशियातल्या तोराजा लोकांची. तोंगकोनान ही त्यांची कुळाची घरे, होडीसारख्या वाकलेल्या छपराची. बांबूच्या छपराजागी खुद्द घरांवर पत्रे येत गेले आणि त्याच छपराचा आकार हॉटेलांवर आणि भेटवस्तूंच्या दुकानांत गेला. मला माझे चार खांब आठवले.

आमच्याकडे जीर्णोद्धाराचा ठराव झाला आहे. आता काय करता येईल?

बरेच. घाबरू नका आणि भांडू नका.

आधी मोजमाप आणि फोटो. प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई, चारही बाजूंनी. हे काम मोबाइलवर दोन दिवसांत होते. मग खरेच काय कुजले आहे ते टोचा मारून बघा. माझ्या अनुभवात मंडपाचे बहुतेक लाकूड चांगले असते. खराब असतात ती वळचणीकडची टोके आणि गळक्या कौलाखालचे वासे. उतरवायचेच झाले तर प्रत्येक तुकड्यावर खडूने नव्हे, पत्र्याचा बिल्ला ठोकून क्रमांक घाला, कारण खडू पहिल्या पावसात जातो. उतरवलेले लाकूड अंगणात ठेवू नका, कुलपात ठेवा. का ते वर सांगितलेच आहे.

निधी भक्तनिवास, स्वच्छतागृह आणि वाहनतळावर घाला आणि हे सगळे देवळापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला करा. शंभर पावले चालायला लागली तर भाविकाचे काही बिघडत नाही. अंगणात पेव्हर नकोत. चिखलाचा फारच त्रास असेल तर पायवाटेपुरते जांभ्याचे चिरे बसवा. भिंतीवर सिमेंट आणि ऑइलपेंट नको, चुना लावा. चुन्याचे काम येणारे गवंडी कमी झाले असले तरी आहेत, शेजारच्या तालुक्यात विचारा. आणि विजेची वायर लाकडाला खिळे मारून नेऊ नका, एवढे तरी आजच करता येईल.

मार्बल घालू का?

नको. पावसात घसरते.

जत्रेला पाहुणा म्हणून यायचे आहे. देवळात वागायचे कसे?

कार्तिकापासून पुढे जत्रा सुरू होतात. तारखा कॅलेंडरवर मिळतीलच असे नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची तारीख तर दरवर्षी देवीला विचारून ठरते, तेव्हा आधी हॉटेल आणि मग जत्रा असा बेत करू नका. गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नको. अवसार आलेल्या माणसाचा तर विचारूनही नको.

दशावतार मध्यरात्रीच्या सुमाराला उभा राहतो. त्याआधी जागा धरा, पण खांबाला टेकून बसायच्या आधी कुणाला तरी विचारा, तो एखाद्या मानकऱ्याचा असू शकतो. गावातले लोक सरकून जागा देतात. स्वेटर आणा, खाली घालायला काहीतरी आणा. अर्ध्यातून उठू नका, चांगले नाटक तीन वाजल्यानंतरच रंगते. पहाटे दहीकाला होईपर्यंत पाय आखडलेले असतील. मग कट्टा शिल्लक असेल तर त्यावर जरा बसा. चहा येतो.